डोक्यात तेच तेच दळण चालू असेल तर काय करायचं

"जरा वेगळा विचार करून बघ ना" असं आपल्याला सगळेच सांगतात, सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण त्याचा उपयोग होत नाही आणि का होत नाही ते बुद्धिबळाच्या एका प्रयोगात इतकं स्वच्छ दिसलंय की मी तिथूनच सुरुवात करते. २००८ मध्ये मेरिम बिलालिच, पीटर मॅक्लाउड आणि फर्नांड गोबे या संशोधकांनी चांगल्या तयारीच्या खेळाडूंना पटावर एक स्थिती मांडून दिली आणि कमीत कमी चालींत मात शोधा म्हणाले. त्या स्थितीत एक पाच चालींची मात होती, वजीर देऊन शेवटी घोड्याने मारायची, मुरलेल्या खेळाडूला ती पाठच असते, आणि दुसरी होती तीन चालींची, छोटी पण ओळखीची नसलेली. पाठ असलेली मात पटकन सापडली. मग खेळाडू म्हणाले की याहून छोटी आहे का ते शोधतोय, आणि ते खोटं बोलत नव्हते, त्यांना मनापासून वाटत होतं की आपण सगळा पट धुंडाळतोय. पण त्यांची नजर टिपणारा कॅमेरा लावलेला होता, त्यात दिसलं की डोळे पुन्हा पुन्हा त्याच घरांवर जातायत जी पहिल्या उत्तराशी संबंधित होती. आणि पटावर छोटासा बदल करून ती पाठ असलेली मात अशक्य करून टाकली, तर तीच तीन चालींची मात त्याच तोडीच्या खेळाडूंना सापडली.

म्हणजे हुशारी कमी पडत नव्हती, प्रयत्नही कमी पडत नव्हता. पहिलं उत्तर डोक्यात बसलेलं होतं आणि ते नजरेला स्वतःकडे ओढत होतं, आणि ज्याची नजर ओढली जातेय त्याला ते कळत नव्हतं. आपलं घरचं, ऑफिसचं, नात्यातलं टेन्शन असंच असतं. रात्रभर "सगळ्या बाजूंनी विचार केला" असं आपण म्हणतो आणि प्रत्यक्षात एकाच बाजूला चाळीस वेळा जाऊन आलेलो असतो. म्हणून या लेखातलं सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे, ते म्हणजे मनाला आतून हुकूम देऊन काही होत नाही, बाहेरचं काहीतरी मध्ये आणावं लागतं, कागद, चालणं, एखादी विचित्र अट, दुसऱ्या माणसाचा प्रश्न. ते कसं आणायचं तेवढंच मी खाली सांगतेय.

आधी हे दळण आहे का ते बघा

खूप विचार करणं वाईट नाही. घर घ्यायचंय, नोकरी बदलायचीय, तर खूप विचार करायलाच हवा. फरक ओळखायला कागद पेन घ्या (फोन नको, फोन उघडला की व्हॉट्सअॅप उघडतं), दहा मिनिटांचा टायमर लावा आणि डोक्यात जे चाललंय ते लिहून काढा. मग वाचा आणि तीन गोष्टी शोधा: काही नवीन माहिती आली का, काही नवा पर्याय आला का, किंवा उद्या करायचं एखादं काम ठरलं का. तिन्हीतलं एक जरी असेल तर तुम्ही विचार करताय, खुशाल चालू ठेवा. एकही नसेल, आणि "त्यांनी असं का केलं", "माझंच असं का होतं", "पण तेव्हा मी म्हणायला हवं होतं की" हीच वाक्यं फिरून फिरून आली असतील तर ते दळण आहे आणि त्यातून पीठ निघणार नाहीये.

हे ओळखणं महत्त्वाचं का, तर दळणाने त्रास लांबतो. सुझन नोलेन-होक्सेमा या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी यावर आयुष्यभर काम केलं. ऑक्टोबर १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात मोठा भूकंप झाला, आणि योगायोग असा की त्याच्या दोन आठवडे आधी त्यांनी स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती आणि वाईट वाटलं की ते काय करतात याची पाहणी करून ठेवली होती. भूकंपानंतर पुन्हा तपासलं तर आधीपासून जे स्वतःच्या दुःखाभोवती घुटमळत बसायचे ते काही आठवड्यांनंतरही जास्त उदास होते. भूकंप सगळ्यांसाठी तोच होता.

थांबवायला जाऊ नका, वेळ द्या

"आता याचा विचारच करायचा नाही" हे पहिलं आपण करतो आणि ते उलटतं. डॅनियल वेगनर यांनी १९८७ मध्ये लोकांना सांगितलं, पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटी वाजवा. घंट्या वाजतच राहिल्या. आणि नंतर जेव्हा त्याच लोकांना अस्वलाचा विचार करायची परवानगी दिली तेव्हा, सुरुवातीपासून खुशाल विचार करा म्हटलेल्या लोकांपेक्षा त्यांच्या डोक्यात ते अस्वल जास्त वेळा आलं. दाबलं की उसळतं.

त्यापेक्षा विचाराला वेळ ठरवून द्या. थॉमस बोर्कोवेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ही पद्धत मांडली, रोज ठरलेल्या जागी ठरलेल्या वेळी अर्धा तास फक्त काळजी करायची. दिवसभरात विचार आला की त्याला "नको" म्हणायचं नाही, चिठ्ठीवर दोन शब्द लिहायचे आणि "साडेसहाला बघू" म्हणून हातातलं काम चालू ठेवायचं. आणि साडेसहाला खरंच बसायचं बरं का, नाहीतर मन पुढच्या वेळी विश्वास ठेवत नाही. जागा मात्र पलंग किंवा झोपायची खोली नको, आणि वेळ झोपेच्या तोंडावरची नको. बऱ्याचदा साडेसहापर्यंत अर्ध्या चिठ्ठ्या शिळ्या झालेल्या असतात आणि ज्या उरतात त्या खरंच बसून बघायच्या लायकीच्या असतात. त्या अर्ध्या तासात नुसतं घोळत बसायचं नाहीये, आता पुढे जे येतंय ते करायचंय.

सवय कशी बसते ते स्वतः करून बघा

एक छोटं कोडं घ्या, १९४२ मध्ये अब्राहम लुचिन्स यांनी हीच कोडी शेकडो लोकांना घातली होती. तीन भांडी आहेत, २१ लिटर, १२७ लिटर आणि ३ लिटर, पाणी हवं तेवढं आहे, नेमकं १०० लिटर मोजून द्यायचंय. उत्तर असं की मोठं भरायचं, त्यातून २१ चं एकदा आणि ३ चं दोनदा भरून काढायचं, १०० उरतात. आता १४, १६३, २५ आणि हवेत ९९. तीच युक्ती. १८, ४३, १० आणि हवेत ५. तीच. ९, ४२, ६ आणि हवेत २१. तीच. २०, ५९, ४ आणि हवेत ३१, तीच. आता हे करा: २३, ४९, ३ आणि हवेत २०.

मोठं भरून २३ काढले, मग दोनदा ३ काढले, २० उरले, बरोबर? बरोबरच आहे. पण २३ मधून ३ काढले की २० होतात, मोठ्या भांड्याला हातही लावायची गरज नव्हती. लुचिन्सकडे आलेल्या बहुतेकांनी लांबचाच रस्ता घेतला, आणि ज्यांना आधीची पाच कोडी दिलीच नव्हती त्यांना छोटा रस्ता लगेच दिसला. आणि २८, ७६, ३ मधून २५ काढायला सांगितले, जिथे जुनी युक्ती चालतच नाही, तेव्हा काही लोक अडकूनच पडले, जरी २८ वजा ३ हे दुसरीतल्या पोरालाही येतं. जी युक्ती आजवर कामाला आली तीच पुढची दिसू देत नाही, हे मला यात सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण आपण अडकलो की स्वतःला मूर्ख समजतो आणि खरं तर आपण फक्त सवयीचे असतो.

आता खरा प्रश्न घेऊ

समजा एक माणूस पुण्यात आयटीत आहे, वडील गेलेत, आई बहात्तरची, वाईला एकटी राहते. रोज रात्री डोक्यात एकच चालू असतं, आईला इकडे आणू की तिथेच ठेवू. आणलं तर तिचं मन लागणार नाही, नाही आणलं तर काही झालं तर काय, बायकोला काय वाटेल, बहीण काय म्हणेल, आणलं तर तिचं मन लागणार नाही. रोज फोनवर "आई, तू इकडे ये ना कायमची", तिचं "अरे मला काय धाड भरलीये", आणि फोन ठेवला की पुन्हा तेच. अशी घरं प्रत्येक बिल्डिंगमध्ये सापडतील, म्हणून हेच उदाहरण नीट सोडवून दाखवते.

पहिली गोष्ट, बुद्धिबळाच्या पटावर जे केलं तेच करायचं, ओळखीचं उत्तर बंद करून टाकायचं. कागदावर लिहायचं, "आईला पुण्यात आणणं अजिबात शक्य नाही. मग मी काय करेन?" आणि दहा मिनिटं त्या अटीतच राहून लिहायचं. मग पान उलटून दुसरी अट, "वाईचं घर उद्यापासून नाहीच. मग काय?" दोन्ही अटी खोट्या आहेत हे माहिती असतं, तरी चालतं, कारण त्या दोन उत्तरांकडे सारखी ओढली जाणारी नजर तेवढा वेळ तिथून हटते. पहिल्या अटीत या माणसाला सुचू शकतं की मग मीच महिन्यातून आठवडाभर तिथून काम करेन, किंवा बहिणीच्या आणि माझ्या वाऱ्या आलटून पालटून ठरवू. दुसऱ्या अटीत सुचू शकतं की वाईतच छोटं, बाजाराजवळचं, जिना नसलेलं घर भाड्याने बघू. हे पर्याय आधीही होते, फक्त दोन उत्तरांच्या भांडणात त्यांचा नंबरच लागत नव्हता.

दुसरी गोष्ट जरा वेळ घेते पण माझ्या मते सगळ्यात कामाची आहे. कार्ल डुंकर नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाचं मेणबत्तीचं कोडं कदाचित ऐकलं असेल, टेबलावर मेणबत्ती, काडेपेटी आणि टाचण्यांनी भरलेला खोका, आणि मेणबत्ती भिंतीला अशी लावायची की ती नीट जळेल. उत्तर असं की टाचण्या ओतून खोका मोकळा करायचा, तो भिंतीला ठोकायचा आणि त्यावर मेणबत्ती ठेवायची. खोक्यात टाचण्या असल्या की तो लोकांना टाचण्या ठेवायची वस्तू म्हणूनच दिसतो, खोका रिकामा करून शेजारी ठेवला तर खूप जास्त लोकांना उत्तर सापडतं. २०१२ मध्ये टोनी मॅककॅफ्री यांनी यावर उपाय शोधला. वस्तूचे भाग सांगायचे, आणि भागाच्या नावातच त्याचा उपयोग आला असेल तर ते नाव आणखी साधं करायचं. म्हणजे मेणबत्तीची वात म्हटलं की जळणं आलं, पण दोरा म्हटलं की बांधायलाही चालतो. ज्यांना ही पद्धत शिकवली त्यांनी अशी कोडी न शिकवलेल्यांपेक्षा ६७ टक्के जास्त सोडवली.

आता हे वाईच्या प्रश्नाला लावा. "आईचं घर" असं लिहू नका, त्यात आठवणी आणि जबाबदारी दोन्ही आले. लिहा, खाली चार खोल्या, वर एक रिकामी खोली, मागे अंगण, एसटी स्टँड चालत जाता येतो. रिकामी खोली लिहिली की पुढचं आपोआप येतं, एखादी शिकणारी मुलगी किंवा नर्स भाडेकरू म्हणून ठेवली तर रात्री घरात माणूस राहील. "माझी नोकरी पुण्यात आहे" असं लिहू नका, लिहा, लॅपटॉप, रोज दोन कॉल, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसात हजेरी. म्हणजे दोन दिवस मोकळे आहेत आणि शनिवार रविवार धरला तर चार. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "आईची काळजी" हा शब्द फोडा. ती रात्री बाथरूममध्ये पडली तर कुणाला कळणार ही एक काळजी. बीपीची गोळी विसरते ही दुसरी. एकटीसाठी नीट स्वयंपाक करत नाही ही तिसरी. बँकेचं आणि लाइट बिलाचं चौथी. दिवसभर बोलायला कुणी नाही ही पाचवी. आता बघा, पहिलीला बाथरूममध्ये भिंतीला पकडायची दांडी, खाली न घसरणारी चटई आणि शेजारी एक किल्ली. दुसरीला वाराप्रमाणे खणांचा गोळ्यांचा डबा. तिसरीला एक डबा लावणं. चौथी तर पुण्यात बसून होते. आणि पाचवी तिला आहे की नाही हे तिला विचारल्याशिवाय कळणारच नाही, कारण वाईला तिचं भजनी मंडळ आहे, समोरच्या काकू आहेत, आणि पुण्यात पाचव्या मजल्यावर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात ती एकटी असणार आहे. डोक्यात जी एक अवाढव्य काळजी होती तिचे पाच तुकडे झाले आणि त्यातल्या चारांना घर बदलायची गरज नाही.

तिसरी गोष्ट, मोजून पर्याय काढा. पंधरा म्हणा. जे. पी. गिल्फर्ड यांनी १९५० मध्ये अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेसमोर भाषण करून सर्जनशीलतेचा अभ्यास करायला हवा असं ठासून सांगितलं, आणि पुढे विटेचे किती उपयोग सांगता येतील अशा चाचण्या रूढ झाल्या. त्यातून पुन्हा पुन्हा एक दिसतं, पहिली उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात, वेगळी उत्तरं उशिरा येतात. म्हणून चार पर्याय लिहून थांबलात तर तुम्ही फक्त पाठ असलेलं उतरवलंय. सात आठनंतर डोकं रिकामं होतं, चिडचिड होते, तिथे उठायचं नाही. त्या वेळी फालतू, अशक्य, खर्चिक काहीही लिहा, छाननी दुसऱ्या दिवशी करायची, त्याच बैठकीत अजिबात नाही. अकराव्या नंबरला कुणीतरी लिहितं "आपणच सगळे वाईला राहायला जाऊ" आणि ते होणार नाही हे दिसत असतं, पण त्यावरून "मे महिन्यात मुलांना तिथे ठेवू" हे सुचतं, आणि ते होतं.

चौथी गोष्ट, काय काढून टाकता येईल ते मुद्दाम विचारा. २०२१ मध्ये नेचर या विज्ञानाच्या साप्ताहिकात गॅब्रिएल अॅडम्स, लायडी क्लॉट्झ आणि सहकाऱ्यांचं काम आलं, त्यात दिसलं की काही सुधारायला दिलं की लोक त्यात भर घालतात, कमी करणं सोपं आणि स्वस्त असलं तरी ते सुचत नाही, आणि आठवण करून दिली की सुचतं. तर स्वतःला ती आठवण करून द्यायची. वाईच्या प्रश्नात काढून टाकण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे फोनवरचं रोजचं "मग कधी येतेस". ते काढलं की फोनवर दुसरं बोलायला जागा होते, आणि कदाचित आई स्वतःहून सांगते की तिला नेमकी कशाची भीती वाटते.

"का" सोडा, "कसं" धरा

हे थोडक्यात सांगते. एक्सेटर युनिव्हर्सिटीचे एडवर्ड वॉटकिन्स यांच्या संशोधनात असं आलंय की मोठे, हवेतले प्रश्न माणसाला घोळवत ठेवतात आणि ठोस प्रश्न पुढे नेतात. "माझ्या बाबतीतच असं का" याला उत्तर नाही. "मंगळवारी मीटिंगमध्ये नेमकं काय झालं, कुठल्या क्षणी बिनसलं, पुढच्या मंगळवारी त्या क्षणी मी काय वेगळं बोलेन" याला उत्तर आहे. प्रश्न लिहा, त्यात "का" दिसलं की खाली तोच प्रश्न "कधी, कुठे, कसं" वापरून पुन्हा लिहा. एवढंच.

जे होऊन गेलंय त्याचं काय

पर्याय वगैरे पुढच्या गोष्टींसाठी ठीक आहे, पण भाऊबीजेला सगळ्यांसमोर जाऊबाई काहीतरी बोलल्या आणि ते डोक्यातून जात नाहीये, तिथे काय पर्याय काढणार. तिथे पर्याय अर्थाचे काढायचे. त्या असं का बोलल्या याचं एक कारण आपल्याकडे पक्कं असतं, मला पाण्यात बघतात. ते लिहा. आणि खाली अजून पाच लिहा, त्यातली दोन तरी अगदी साधी आणि कंटाळवाणी हवीत, सकाळपासून स्वयंपाकघरात उभ्या होत्या, त्यांना कुणीतरी आधी टोचून बोललं होतं, मुलाच्या मार्कांचं टेन्शन होतं. कुठलं खरं ते ठरवायची गरज नाही आणि त्यांना माफ करायची सक्तीही नाही. एकाच अर्थावर खिळलेली नजर सहा ठिकाणी विभागली गेली की त्या एकाची धार कमी होते, इतकंच साधायचंय.

दुसरं, स्वतःला नावाने हाक मारा. ईथन क्रॉस आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की तणावाच्या प्रसंगी "मी" ऐवजी स्वतःचं नाव घेऊन मनात बोललं तर माणूस जरा लांबून बघू शकतो आणि कमी हादरतो. आपल्याकडे हे नवीन नाही, रामदासांनी मनाला समोर बसवून "मना" अशी हाक मारून समजावलंय, तुकोबाही मनाशी असेच बोलतात. तुमचं नाव मीना असेल तर लिहा, "मीना, तुला वाईट वाटलंय ते ठीक आहे, आता तुला काय करायचंय?" पहिल्यांदा अवघडल्यासारखं होतं, होऊ द्या.

आणि जखम मोठी असेल तर लिहून काढा. जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं त्यांच्या सगळ्यात क्लेशकारक अनुभवाबद्दल लिहायला लावलं, शुद्धलेखन विसरून, न थांबता, आणि पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहिल्यावर लगेच जड वाटू शकतं, हे आधीच माहिती असलेलं बरं. कागद फाडून टाकला तरी चालेल. झालेली घटना अगदी ताजी असेल, कालपरवाचीच, तर थोडे दिवस जाऊ द्या.

वाक्यातला "च" शोधा

या विषयावर मराठीत ज्यांनी खूप मोठं काम केलंय त्यांचं नाव घ्यायलाच हवं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास जी विवेकनिष्ठ उपचारपद्धती सुरू केली ती कि. मो. फडके यांनी मराठी माणसापर्यंत आणली, आणि ठाण्यात १९९० मध्ये इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ सुरू करणाऱ्या डॉ. आनंद नाडकर्णींनी ती घराघरात नेली. त्यातली मध्यवर्ती गोष्ट अशी की आपल्याला त्रास प्रसंगापेक्षा त्याबद्दलच्या आपल्या हट्टी मागणीचा जास्त होतो. लिहिलेल्या पानावर पेन्सिल घेऊन बसा आणि "व्हायलाच हवं", "त्यांनी समजून घ्यायलाच पाहिजे", "मला जमलंच पाहिजे" अशा सगळ्या वाक्यांना गोल करा. मग प्रत्येक वाक्य इच्छा म्हणून लिहा, "त्यांनी समजून घेतलं तर मला फार बरं वाटेल, नाही घेतलं तर वाईट वाटेल आणि तरी मी माझं काम करेन." इच्छा सोडायची नाहीये, हे लोक नेहमी चुकीचं समजतात. इच्छा ठेवायची, तिचा हुकूम होऊ द्यायचा नाही. मागणीला एकच उत्तर चालतं, आणि जिथे एकच उत्तर चालतं तिथे मन त्याच घरावर जाऊन बसतं. इच्छेला चार रस्ते असतात.

उठा आणि चाला

कागदावरही काही सुचेना तर उठा. स्टॅनफर्डच्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये लोकांना बसून आणि चालताना असे दोन्ही वेळा वस्तूंचे वेगळे उपयोग शोधायला लावले. चालताना बहुतेकांना जास्त कल्पना सुचल्या, आणि विशेष म्हणजे नुसत्या भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानाही सुचल्या, म्हणजे निसर्ग, टेकडी वगैरे असेल तर आनंदच आहे पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारल्या तरी चालतंय. फक्त एक लक्षात ठेवा, एकच नेमकं उत्तर असलेल्या प्रश्नांना चालण्याने फायदा झाला नाही. पर्याय सुचवायला चाला, हिशोब करायला बसा. आणि चालताना कानात काही घालू नका.

मैत्रिणीशी बोलताना

बोलून मोकळं व्हावं हे खरं आहे, पण कसं बोलतो त्यावर आहे. अमांडा रोझ यांनी २००२ पासून मुलामुलींच्या मैत्रीचा अभ्यास करून दाखवलं की दोघी मिळून तोच प्रॉब्लेम पुन्हा पुन्हा उगाळत बसल्या तर मैत्री घट्ट होते आणि सोबत उदासी, चिंता पण वाढते, मुलींमध्ये विशेष. मला हे फार खरं वाटतं, कारण आपल्याला जी हो ला हो म्हणते तीच जवळची वाटते. म्हणून बोलायच्या आधीच सांगून टाका, "पंधरा मिनिटं नुसतं ऐक, मग मला तीन प्रश्न विचार." सल्ला मागू नका, प्रश्न मागा. आणि अधूनमधून अशा माणसाला सांगा ज्याला तुमच्या घरातलं काही माहीत नाही, त्याला सुरुवातीपासून सगळं समजावताना आपल्यालाच मध्ये एखादी गाळलेली गोष्ट दिसते.

रात्री दोन वाजता

रात्री निर्णय घ्यायचे नाहीत आणि पर्यायही काढायचे नाहीत. उशाशी वही ठेवा आणि अर्धवट राहिलेल्या कामाचं पुढचं पाऊल लिहा, नेमकं, वेळेसकट. "आईचं बघायचं" असं नाही, "उद्या अकराला काकूंना फोन करून किल्ली ठेवाल का विचारायचं" असं. मासिकॅम्पो आणि बाउमाइस्टर यांनी २०११ मध्ये दाखवलंय की अपुरं काम मनात सारखं मध्ये येतं, पण ते कधी आणि कसं करणार याची नेमकी योजना केली की काम झालेलं नसतानाही ते मध्ये येणं थांबतं. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर पलंगावरून उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी साधं वाचत बसा, डोळे जड झाले की परत या.

हे पुरणार नाही असं कधी समजायचं

दोन आठवडे झोप, भूक, कशातच मन नाही अशी अवस्था असेल, किंवा कुलूप लावलं का हे वीस वेळा बघितल्याशिवाय, हात पुन्हा पुन्हा धुतल्याशिवाय विचार शांत होत नसेल, किंवा नको असलेले भयंकर विचार येऊन तुम्ही हादरत असाल, तर वरचं करत बसू नका, डॉक्टरांकडे जा. विशेषतः त्या कुलूप आणि हात धुण्याच्या प्रकाराला वेगळे उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात, तिथे कागदावर आणखी विश्लेषण केलं तर उलट वाढतं. मरणाचे विचार येत असतील तर आजच कुणाला तरी सांगा. सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

घरातलं माणूस असं अडकलं असेल तर

त्याला "इतका विचार करू नकोस" म्हणू नका, पांढऱ्या अस्वलाचं वर सांगितलंच आहे. "मी तुला किती वेळा सांगितलं" हेही नको, कारण त्याने त्याच्या दळणात तुमचं एक वाक्य वाढतं. जवळ बसा, तो सांगेल ते एकदा पूर्ण ऐका, मग विचारा, "यात कालच्यापेक्षा नवीन काय आहे?" चिडून नाही, खरंच जाणून घ्यायला. काही नवीन असेल तर ते कागदावर लिहून घ्या, नसेल तर चपला घाला आणि त्याला घेऊन कोपऱ्यापर्यंत जाऊन या, दूध आणायचंय म्हणून सांगितलं तरी चालेल.